परतीचे पिंप

"हे काय आहे?" तपासणीला आलेल्या मॅडमनी विचारले.

"बसायची जागा," असे म्हणून झिलईकाका अदबीने उठले. "बसा ना. उशी आहे."

उशी होती हे खरे. पण उशीखाली पिंप होते आणि पिंपात झिलईच्या टाक्यांच्या तळाशी साचणारा हिरवट गाळ काठोकाठ भरलेला होता. काकांच्या छोट्या कारखान्यात नळ, दारांच्या कड्या, सायकलींची हँडले अशा वस्तू गंजलेल्या तोंडाने येत आणि निकेलची झिलई चढवून बाहेर पडताना त्यांत माणसाला स्वतःचे नाक दिसे. म्हणून तर सगळी गल्ली त्यांना झिलईकाका म्हणायची. आता वस्तू चमकल्या म्हणजे घाण कुठेतरी जाणारच. ती या पिंपात जायची. पिंप भरल्याला कितीतरी महिने झाले होते आणि काका त्यावर बसून दोन्ही वेळचा चहा पीत होते.

मॅडम बसल्या नाहीत. "हा घातक कचरा आहे. यावर बसून तुम्ही चहा पिता?"

"झाकण एकदम घट्ट आहे, मॅडम."

"झाकण घट्ट आहे म्हणूनच मी अजून शांतपणे बोलतेय."

आणि मग त्या शांतपणे बोलल्या. पिंपावर कारखान्याचे नाव, पत्ता, फोन, आत काय आहे ते आणि कवटीचे चिन्ह हवे. पिंप छपराखाली, पक्क्या फरशीवर हवे. आणि पंधरा दिवसांत ते सरकारमान्य विल्हेवाट केंद्राच्या ट्रकमधून रवाना करून त्याची पावती दाखवायला हवी.

"नाहीतर?" काकांनी सहज विचारले.

"नाहीतर कारखान्याला सील. मी पंधराव्या दिवशी येते."

हा कारखाना काकांनी एका टाकीवर उभा केला होता. तिथल्या चार कामगारांच्या चुली आणि घरची काकूंची चूल, सगळ्या याच टाक्यांवर पेटत होत्या. तरीही त्यांनी एक शंका काढलीच. "पण मॅडम, एकदा पिंप आमच्या दारातून गेलं की आमचा काय संबंध?"

"सगळा संबंध तुमचाच. कचरा ज्यानं तयार केला त्याची जबाबदारी. ट्रकात चढलं तरी तुमचं, वाटेत सांडलं तरी तुमचं, भलत्या माणसाला दिलंत तरी तुमचंच. केंद्रात नीट विल्हेवाट लागली, पावती आली, की सुटलात."

काकांना हा न्याय काही पटला नाही. संध्याकाळी घरी जेवताना त्यांनी तो काकूंना ऐकवला. "उद्या मी रद्दी विकली आणि रद्दीवाला ती वाचत बसून परीक्षेत नापास झाला, तर तेही माझ्याच माथी? दिलं की संपलं! साधा हिशेब आहे."

"मग त्या शिडीचं काय?" काकू म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांनी लगेच जीभ चावली.

कारण शिडीचा विषय निघाला की काका तासभर थांबत नसत. फार वर्षांपूर्वी कारखान्यातली लोखंडी शिडी कोणीतरी मागून नेली आणि ती परत आलीच नाही. शिडी साधीसुधी नव्हती, काकांनी स्वतः जोडलेली होती. तिची तिसरी पायरी मोडली तेव्हा काकांनी तिथे नळी बसवली होती, आणि त्या नळीवर आयुष्यातली पहिली झिलई चढवली होती. "शिडीची गोष्ट वेगळी!" काका कडाडले. "नेणाऱ्यानं नेली म्हणून काय त्याची झाली? वस्तू जगाच्या पाठीवर कुठंही असो, मालक तो मालक!"

"जाऊ द्या हो आता ती शिडी," असे म्हणून काकू पोळी आणायला आत गेल्या.

शिडी गेल्यापासून काकांना एक खोड लागली होती. स्वतःच्या मालकीच्या प्रत्येक वस्तूवर ते नाव आणि फोन नंबर रंगवायचे. बादली, झाडू, घड्याळ, काकूंची छत्री, काहीही सुटले नव्हते. चमच्यांवर जागा पुरत नाही म्हणून तिथे फक्त आद्याक्षरे होती. त्यामुळे मॅडमची पहिली अट काकांना अट वाटलीच नाही. त्यांनी पिंप पिवळेधमक रंगवले आणि त्यावर काळ्या तेलरंगात नाव, पत्ता, फोन असे चारी बाजूंना लिहिले. झाकणावर पाचव्यांदा लिहिले. वरून वॉर्निशचा हात दिला. कवटी काढताना तेवढा ब्रश जरा घसरला आणि कवटी हसरी झाली, पण काकांना ती आवडली.

दुसरी अट फरशीची होती. तीही झाली. तिसऱ्या अटीशी मात्र घोडे अडले. विल्हेवाट केंद्राला काकांनी फोन लावला तर पलीकडून बराच वेळ नुसते संगीत वाजले, आणि त्यानंतर एका माणसाने आधी नोंदणी करा, मग शुल्क भरा, मग ट्रकची तारीख मिळेल असे सांगितले. काकांनी फोन ठेवला. आपला कचरा घेऊन जाणाऱ्याला वर पैसेही आपणच द्यायचे, हे त्यांनी जन्मात ऐकले नव्हते.

अशा वेळी माणसाने थंड डोक्याने विचार करायचा असतो. काकांनी मेहुण्याला बोलावले.

मेहुण्याचा दुकानांवर पाट्या लावण्याचा धंदा होता आणि स्वतःचा टेम्पो होता. जगातल्या कुठल्याही कामासाठी त्याच्या ओळखीत 'एक माणूस' असे. पिंपाभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "एवढंच ना, दाजी? माझ्या ओळखीत एक भंगारवाला आहे. पिंप बघितलं की खूश होईल तो."

"आणि गाळ?"

"तो त्याचा प्रश्न. दिलं की संपलं."

आपलेच तत्त्व दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की माणसाला ते जास्त खरे वाटते. काकांनी पिंप टेम्पोत चढवून दिले आणि दोन्ही हात झटकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या दारात हातगाडी उभी होती. गाडीवर पिंप होते आणि गाडीमागे भंगारवाला घाम पुसत होता.

"काका, ही हसतेय कशाला?" त्याने कवटीकडे बोट दाखवले.

"ते असू दे. तू हे परत का आणलंस?"

"मग काय करू? रात्री तुमचे मेहुणे 'रिकामं पिंप आहे' म्हणून ठेवून गेले. सकाळी हलवायला गेलो तर हलेना. वाचलं तर घातक कचरा! अहो, मागच्या साली एकानं असंच ॲसिड आणून टाकलं होतं माझ्याकडे. त्यापायी महिनाभर पोलीस ठाण्यात चकरा मारल्यात मी. आता कानाला खडा." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि एक सांगू? हे माझ्याकडे सापडलं तर मीही अडकणार आणि तुम्हीही. नाव तुमचं आहे ना पाच ठिकाणी."

पिंप पुन्हा फरशीवर आले. काकांनी मेहुण्याला फैलावर घेतले. मेहुणा मात्र सगळे दोष रंगाला देत होता. "दाजी, चूक कुठे झाली सांगू? नाव. आधी ते नाव पुसा."

"पुसू? डोकं ठिकाणावर आहे का? पिंपावर नाव पाहिजे असा नियम आहे. नियम म्हणजे नियम!"

"अहो, पण आपण ते गुपचूप..."

"गुपचूप असलं म्हणून काय झालं? उद्या मॅडमनी विचारलं, नाव कुठंय, तर?"

या युक्तिवादापुढे मेहुणा हरला. त्याने काकांची पाठ फिरल्यावर थोडे थिनर लावून पाहिले, पण वॉर्निश काकांच्या हातचे होते. अक्षरे पुसली गेली नाहीत, उलट त्यांच्यावरची धूळ तेवढी गेली आणि ती लांबूनही वाचता येऊ लागली. शेवटी त्याने पिंपावर ताडपत्री टाकली, ते टेम्पोत चढवले आणि "आता एक चांगली जागा बघतो" एवढेच म्हणाला. कुठली जागा, हे काकांनी विचारले नाही. न विचारल्याने आपण त्यात नसतो असा त्यांचा समज होता.

पहाटे फोन वाजला. "नमस्कार. मी निवृत्त हेडमास्तर बोलतोय. आपली एक वस्तू हरवली आहे का?"

काकांच्या मनात आधी शिडीच आली. "हो! कुठं सापडली?"

"तळ्याच्या काठी. पिवळ्या रंगाची आहे. ताबडतोब या. मी तिथंच थांबलोय राखणीला."

तळ्याच्या काठी! गावाच्या नळांना पाणी येते ते त्याच तळ्यातून. काका तसेच मेहुण्याच्या घरी गेले, त्याला अंथरुणातून उपसून काढले आणि टेम्पोत कोंबले. "अरे गाढवा, त्या तळ्याचं पाणी तूच पितोस!"

"आम्ही गाळून पितो, दाजी," मेहुणा अर्धवट झोपेत म्हणाला.

तळ्याकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींचा घोळका पिंपाभोवती उभा होता. मधोमध हेडमास्तर हातात काठी घेऊन पहारा देत होते. ताडपत्री वाऱ्याने उडून गेली होती आणि कवटी येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघून हसत होती.

काका पुढे झाले तशी हेडमास्तरांनी काठी आडवी धरली. "आधी खूण पटवा. पिंपाचा रंग?"

"पिवळा."

"नाव काय लिहिलंय?"

"माझंच."

"किती ठिकाणी?"

"पाच. एक झाकणावर."

"बरोबर!" हेडमास्तरांनी काठी बाजूला घेतली आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या. "बघा, मंडळी. हल्लीच्या दिवसांत कोण आपल्या वस्तूवर एवढ्या जबाबदारीनं नाव घालतं? वाटेत टेम्पोतून पडलं असणार. नाव नसतं तर बिचारं बेवारस पडून राहिलं असतं आणि कोणी उघडलं असतं तर पाण्यात गेलं असतं. या गृहस्थांचा आदर्श घ्या."

मग हेडमास्तरांनी प्रामाणिकपणावर भाषण केले. काकांना पिंपाशेजारी उभे करून फोटो काढला गेला. त्यात एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला हेडमास्तर आणि मध्ये पिंप. तिघांत नीट हसली ती कवटीच. कोणीतरी काकांना पाण्याची बाटली पुढे केली. "घ्या हो, दमलात. तळ्यावरच्याच नळाचं आहे, अगदी गोड." काकांनी बाटली तोंडाला लावली. समोर एक आजोबा ओंजळीने पाणी पीत होते. झाकण सैल असते तर, हा विचार काकांच्या मनात आला आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

परतताना टेम्पोत ते म्हणाले, "बास. आता हे पिंप केंद्रातच गेलं पाहिजे. दुसरीकडे कुठं नाही."

"मग नोंदणी करायची?" मेहुण्याने विचारले.

"आता कुठं दिवस राहिलेत? परवा मॅडम येणार." काकांची लाज खरी होती, पण खोडही जुनी होती. "शेजारच्या रंगाच्या कारखान्यात केंद्राचा ट्रक येतो ना? उद्या येणार आहे म्हणे. त्यांची पिंपं बाहेर काढून ठेवलीत. त्यांत आपलं एक सरकवून दिलं की झालं. जाईल तर योग्य जागीच. वाईट काय आहे त्यात?"

मेहुण्याने दाजींकडे आदराने पाहिले. असे काही सुचायला डोके लागते, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिले होते.

त्या संध्याकाळी दोघांनी पिंप गडगडत नेऊन रंगाच्या कारखान्याच्या रांगेत उभे केले. रांगेतली सगळी पिंपे निळी होती. मधोमध पिवळे पिंप कवटीसकट उभे राहिले. "उठून दिसतंय जरा," मेहुणा म्हणाला. काकांनी पिंप मागच्या रांगेत ढकलले आणि घरी येऊन बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी शेजारून ट्रकचा आवाज आला. काकांनी गच्चीवरून पाहिले, तर फाटकाबाहेर एकही पिंप उरले नव्हते. निळी गेली होती आणि पिवळेही गेले होते. खाली येऊन त्यांनी कामगारांना चहा पाजला आणि स्वतः उभ्याउभ्याच प्यायले, कारण बसायला आता काही नव्हते.

पंधराव्या दिवशी मॅडम आल्या. फरशी झाडून स्वच्छ होती. छप्पर होते. पिंप नव्हते.

"छान," मॅडम म्हणाल्या. "पावती?"

"पावती येईलच, मॅडम," काका म्हणाले. "पिंप गेलंय. केंद्रातच गेलंय."

"कुठल्या नोंदणीवर?"

काकांनी मेहुण्याकडे पाहिले. मेहुणा खास आधाराला म्हणून सकाळपासून टेम्पो घेऊन हजर होता. तो म्हणाला, "मॅडम, माझ्या ओळखीत एक माणूस आहे..."

तेवढ्यात बाहेर मोठा हॉर्न वाजला. दारात विल्हेवाट केंद्राचा ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर खिडकीतून डोके काढून ओरडला, "झिलईवाले कोण? तुमचं पिंप आलंय!"

ड्रायव्हर खाली उतरला आणि मॅडमना पाहून जरा नरमला. "नमस्कार, मॅडम. काल रंगवाल्यांचा माल भरला. केंद्रात कागदावरचा आकडा आणि पिंपं जुळेनात. एक जास्त. कागदाशिवाय केंद्र घेत नाही, आणि रंगवाले म्हणतात आमचं नाही. नशीब, यावर नाव-पत्ता होता. इतकं झकास लिहिलेलं मी नोकरीत बघितलं नाही. इथं उतरवतो. एखादी फळी आहे का, घसरत खाली घ्यायला?"

"जरा थांबा," मॅडम म्हणाल्या आणि काकांकडे वळल्या. "हे पिंप तुमचं का?"

प्रश्न सोपा होता, उत्तर पाच ठिकाणी रंगवलेले होते. पण हो म्हणावे तर चोरून दिल्याचे कबूल, आणि मग सील. नाही म्हणावे तर... मेहुणा कानाशी कुजबुजला, "नाही म्हणा, दाजी. नावाचं काय, कोणीही लिहील. दिलं की संपलं." काकांनी तोंड उघडले, पण ना 'हो' बाहेर पडले, ना 'नाही'. मागे चारही कामगार हातातली कामे टाकून उभे होते. डबा घेऊन आलेल्या काकू दाराशीच थबकल्या होत्या.

"अहो, फळी तरी द्या कोणीतरी!" ड्रायव्हर ओरडला. "ऊन बघा केवढं आहे!"

दाजींची कोंडी मेहुण्याला बघवेना. काहीतरी हालचाल केली पाहिजे म्हणून तो धावत टेम्पोकडे गेला, पाट्यांच्या सामानाखाली हात घातला आणि जे हाताला लागले ते ओढून आणून ट्रकच्या मागच्या कडेला तिरके टेकवले. घाईत माणूस कामाची गोष्ट विसरत नाही, लपवायची गोष्ट विसरतो.

ती एक लोखंडी शिडी होती. तिची तिसरी पायरी उन्हात लखलखत होती.

काकांना कंठ फुटला. "माझी शिडी!"

पाट्या लावणारा माणूस इतकी वर्षे उंचावरच्या पाट्या कशावर चढून लावतो, हा प्रश्न काकांना कधीच पडला नव्हता. मेहुण्याने आधी शिडीकडे पाहिले, मग दाजींकडे, मग दारात उभ्या असलेल्या आपल्या बहिणीकडे. "ताईनं दिली होती," तो म्हणाला.

"तू?" काका काकूंकडे वळले. "इतकी वर्षं मी कंठशोष करतोय, आणि तुला माहीत होतं?"

"मी परत आणायला सांगणारच होते," काकू म्हणाल्या. "पण तुम्ही पहिल्याच दिवशी इतके ओरडलात की मग सांगायची सोय उरली नाही."

"जाऊ द्या ना, दाजी," मेहुणा म्हणाला. "दिली होती ना? मग दिली की संपलं. आता ती माझीच म्हणायची."

"तुझी?" काकांचा आवाज असा चढला की शेजारच्या रंगाच्या कारखान्यातली माणसे बाहेर आली. "दिली म्हणून काय तुझी झाली? मी घडवली आहे ती! माझ्या हातची झिलई आहे तिच्यावर! एका हातातून दहा हातांत जाऊ दे, गावात जाऊ दे नाहीतर रानात जाऊ दे, मालक मीच! ती माझी आहे, माझीच राहणार!"

मॅडमनी पेनचे टोपण काढले.

"आता हेच वाक्य," त्या म्हणाल्या, "जरा पिंपाबद्दल म्हणा."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय सगळेच वापरतात, पण इतक्या साक्षीदारांसमोर फार थोड्यांवर तो उलटतो. काकांनी शिडीकडे पाहिले. मग ट्रकवरून हसणाऱ्या कवटीकडे पाहिले. त्यांना ओंजळीने पाणी पिणारे ते आजोबा आठवले.

"माझंच आहे, मॅडम," ते म्हणाले. "भंगारवाल्याकडे गेलं तेव्हाही माझं होतं. तळ्याकाठी होतं तेव्हाही. परवा शेजाऱ्यांच्या पिंपांत घुसवलं ते मीच." आणि मग एकदा सुरुवात झाल्यावर त्यांनी काहीच मागे ठेवले नाही.

मॅडमनी ऐकून घेतले. मग मोबाईल काढून त्यांनी एक फोटो दाखवला. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला हेडमास्तर, मध्ये पिंप. "आमचे बाबा," त्या हेडमास्तरांवर बोट ठेवून म्हणाल्या. "घरी फ्रेम करून लावणार आहेत. तुम्ही 'माझं नाही' म्हणाला असतात तर हा फोटो दाखवून मी इथंच सील ठोकणार होते."

"आणि आता?" काकूंनी दारातूनच विचारले.

"आता दंड. चांगला सणसणीत. पिंप सरळ इथं उतरवायचं, आजच नोंदणी करायची, शुल्क भरायचं आणि ट्रकची तारीख घ्यायची. झाकण शाबूत आहे, थेंब सांडलेला नाही, म्हणून सील नाही." मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. "आणि मालक सापडला म्हणून. आमच्या खात्यात कचरा सापडतो हो. मालक सापडत नाही."

कामगार पुन्हा टाक्यांकडे वळले. काकांनी मान खाली घातली. मग ड्रायव्हरने आणि मेहुण्याने पिंप शिडीवरून हळूहळू खाली घसरवले. तिसऱ्या पायरीपाशी ते येताच काका ओरडले, "जपून रे, झिलईला ओरखडा जाईल!"

काकांनी केंद्राला फोन लावला. संगीत वाजले तेवढे सगळे ऐकले. पुढच्या आठवड्यात ट्रक आला तेव्हा काका स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून केंद्रापर्यंत गेले, कारण वाटेत सांडले तरी आपलेच, हे आता त्यांना पक्के ठाऊक होते. पिंप आत जाईपर्यंत ते फाटकाशी उभे होते. पावती हातात पडली तेव्हा त्यांना थोडे हलके वाटले आणि थोडी चुटपुटही लागली, एवढी चांगली कवटी पुन्हा जमणार नव्हती.

त्यानंतर काही दिवसांनी मेहुणा कारखान्यात आला. डोके खाजवत म्हणाला, "दाजी, दोन दिवस शिडी मिळेल का? एक मोठी पाटी आहे."

काकांनी खणातून एक कागद काढला. त्यावर वस्तूचे वर्णन, नेणाऱ्याचे नाव, नेण्याचे ठिकाण आणि परत आणण्याची तारीख असे रकाने त्यांनी स्वतः आखले होते. खाली कार्बन घालून आणखी प्रती होत्या.

"शिडीला कागद?" मेहुणा म्हणाला.

"सही कर."

मेहुण्याने सही केली. शिडीवर आता दोन्ही बाजूंना नाव आणि फोन नंबर होता, वर वॉर्निश होते. फक्त तिसरी पायरी तशीच ठेवलेली होती. ती टेम्पोत चढली तसे काका बाहेर आले.

"आता कुणाची?"

"तुमची, दाजी."

"वाटेत पडली तर?"

"तुमची."

"आणि तुझ्या माळ्यावर जाऊन बसली तर?"

मेहुण्याने बहिणीकडे पाहिले. "तुमचीच हो, तुमचीच!" काकू आतून चहा घेऊन येत म्हणाल्या. "जाऊ द्या आता त्याला."

टेम्पो गेला. काकूंनी काकांसाठी नवी खुर्ची आणली होती, तिच्यावर जुनीच उशी होती. काकांनी चहाचा कप हातात घेतला आणि बसण्यापूर्वी उशी उचलून खाली काय आहे ते एकदा पाहून घेतले.